हेक्सवरचं पायदळ: हालचालीचे नियम वाचायचे कसे

नवीन माणूस वॉरगेमच्या टेबलावर बसला की पहिला प्रश्न साधारण हाच येतो, "स्क्वॉडला ४ एमएफ आहेत ना, मग चार हेक्स पुढे नेला, झालं की." (स्क्वॉड म्हणजे सैनिकांची तुकडी, एमएफ म्हणजे हालचालीचे गुण, हेक्स म्हणजे पटावरचं षटकोनी घर.) आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, आपण सगळे सापशिडी आणि ल्युडो खेळून मोठे झालेलो, फाशावर चार पडले की सोंगटी चार घरं सरकते आणि वाटेत तिला कोणी हात लावत नाही. हेक्सवाल्या टॅक्टिकल वॉरगेममध्ये मात्र सगळं काही त्या वाटेतच घडतं. सोंगटी शेवटी कुठे पोचली यापेक्षा मधल्या प्रत्येक हेक्समध्ये ती समोरच्या मशीनगनला दिसत होती का, किती वेळ दिसत होती आणि कशी चालली होती यावर तिचं नशीब ठरतं, आणि हालचालीचे नियम लिहिलेत तेही याच हिशोबाने. हे एकदा डोक्यात बसलं की त्या जाड नियमपुस्तकातला हालचालीचा भाग निम्म्याहून सोपा होतो असं माझं पक्कं मत आहे, म्हणून आज फक्त पायदळाच्या हालचालीवर लिहितोय, रणगाडे तोफा वगैरे काही नाही.

उदाहरणासाठी अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर घेतो कारण आमच्या कोथरूडच्या टेबलावर तोच जास्त चालतो. जॉन हिल यांनी डिझाइन केलेला मूळ स्क्वॉड लीडर अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९७७ साली काढला, मग त्याला एकामागून एक जोडण्या आल्या, नियमांवर नियम चढत गेले, आणि १९८५ मध्ये डॉन ग्रीनवूड यांनी सगळं परत बांधून अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्ती आणली. त्याचं नियमपुस्तक रिंग बाइंडरमध्ये येतं आणि ते बघूनच बरेच जण मागे सरतात. २००४ पासून स्टार्टर किट पण मिळतं, त्याच्या पहिल्या भागात फक्त पायदळ आहे, नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी. तुम्ही दुसरा कुठला हेक्सवाला गेम खेळत असाल तर आकडे वेगळे असतील पण नियम वाचायची पद्धत बरीचशी हीच लागते.

आधी स्केल सांगतो कारण त्याशिवाय पुढचं काही पटत नाही. एक हेक्स म्हणजे साधारण ४० मीटर, एक टर्न म्हणजे साधारण दोन मिनिटं, एक स्क्वॉड म्हणजे अंदाजे दहा माणसं. स्क्वॉडला ४ एमएफ म्हणजे चार मूव्हमेंट फॅक्टर, मोकळ्या जमिनीवर एका हेक्सला १ लागतो, म्हणजे दोन मिनिटांत १६० मीटर. गणित करून बघा, ताशी ४.८ किलोमीटर पडतात, म्हणजे आपण संध्याकाळी टेकडीवर चालायला जातो तो वेग. पाठीवर ओझं, हातात रायफल, समोर शत्रू, अशा माणसांसाठी हा वेग मला तरी अगदी बरोबर वाटतो. षटकोन कशाला, चौकोन का नाही, असं विचारतात, तर चौकटीच्या पटावर तिरकं गेलं की अंतर जवळजवळ दीडपट (नेमकं १.४१ पट) होतं आणि षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, बास, एवढंच कारण आहे त्याचं.

आता मुख्य गोष्ट. एमएफ हे अंतराचं माप नाही, वेळेचं आहे. रिक्षा सिग्नलला थांबली तरी मीटरवर वेटिंग पडत राहतं तसं इथे स्क्वॉड हलला नाही आणि नुसता धुराचा बॉम्ब फेकत बसला तरी एमएफ खर्च होतात. जंगलात शिरायला २ लागतात, इमारतीत शिरायला २, उभ्या पिकातून दीड, कुंपण किंवा भिंत ओलांडायची तर पलीकडच्या हेक्सच्या खर्चावर आणखी १, चढ चढायचा तर त्या हेक्सचा खर्च दुप्पट. म्हणजे उघड्या टेकाडावर चढायला २ आणि झाडी असलेल्या टेकाडावर चढायला ४, स्क्वॉडची सगळी दोन मिनिटं तिथेच गेली.

आणि इथे एक वाक्य असं आहे की जे लोक घाईत वाचतात आणि मग तासभर वाद घालतात. एमएफ खर्च होतात ते तुम्ही ज्या हेक्समध्ये शिरता त्या हेक्समध्ये, जिथून निघालात तिथे नाही. इमारतीतून बाहेर रस्त्यावर आलात, १ एमएफ, तो रस्त्यावर खर्च झाला, आणि त्या क्षणी तुम्ही रस्त्यावर आहात, उघड्यावर. बचाव करणारा प्रत्येक खर्चाच्या वेळी "थांब, मी मारतो" म्हणू शकतो, याला डिफेन्सिव्ह फर्स्ट फायर म्हणतात आणि तो तुमच्या मूव्हमेंट फेजच्या (हालचालीच्या टप्प्याच्या) मधेच होतो, नंतर नाही. शिवाय एकच शत्रू तुकडी एकाच हेक्समध्ये तुमच्यावर किती वेळा मारू शकते याची मर्यादा काय, तर तुम्ही तिथे जेवढे एमएफ खर्च केलेत तेवढ्या वेळा. रस्त्यावर १ खर्च केला तर एकदा. जंगलात शिरताना २ खर्च केले तर दोनदा मारायची संधी, अर्थात त्या तुकडीकडे दुसऱ्यांदा मारायची सोय असेल तर, मशीनगनचा रेट ऑफ फायर (एकदा मारून परत मारायची क्षमता) टिकला तर ती बिनदिक्कत मारते. म्हणजे अवघड जमीन दोन्हीकडून परिणाम करते, तिथे शिरायला वेळ लागतो म्हणून गोळ्या जास्त वेळा येतात, पण आत आडोसा आहे म्हणून त्या लागतात कमी. लिहिणाऱ्याने हे किती विचार करून बसवलंय ते बघितलं की मला अजूनही भारी वाटतं.

एक नेमकं उदाहरण घेऊ. तुमचा स्क्वॉड एका घरात आहे, समोर दोन हेक्स मोकळी जमीन आणि पलीकडे दगडी इमारत, तिथे पोचायचंय. खर्च १ अधिक १ अधिक २, बरोबर ४, पोचतो. कागदावर काम झालं. पण बाजूच्या इमारतीत शत्रूची मशीनगन आहे आणि तिला हे तिन्ही हेक्स दिसतात.

हल्ला करताना दोन फासे टाकतात आणि बेरीज जितकी कमी तितका हल्ला जबर. पळणाऱ्यावर दोन दंड बसतात, उघड्या जमिनीवर हलतोय म्हणून उणे १ आणि सावध न चालता सरळ निघालाय म्हणून अजून उणे १. हे दोन वेगवेगळे दंड आहेत हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. समजा शत्रूला शेवटी ५ किंवा त्याहून कमी आकडा हवाय. कुठलाही बदल नसेल तर दोन फाशांवर ५ किंवा कमी पडायच्या शक्यता ३६ पैकी १०. उणे २ असेल तर फाशांवर ७ पडले तरी चालतात, म्हणजे ३६ पैकी २१. निम्म्याहून जास्त, आणि हे एका हेक्समध्ये, असे दोन हेक्स आहेत मधे. शेवटच्या दगडी इमारतीत अधिक ३ चा आडोसा मिळतो, पण सरळ निघाल्याचा उणे १ तिथेही लागूच असतो (तो जमिनीवर नाही, चालण्याच्या पद्धतीवर आहे), म्हणून एकूण अधिक २, आणि मग फाशांवर ३ किंवा कमीच लागतात, ३६ पैकी ३. २१ आणि ३ मधला फरक बघा. तोच स्क्वॉड, तीच मशीनगन, फक्त हेक्स वेगळा.

घोरपडीला राहणारे एक निवृत्त सुभेदार काका कधीतरी आमच्याकडे येतात, खेळत नाहीत, नुसते बघतात. त्यांनी पहिल्यांदा हा गेम बघितला तेव्हा किती लांब जाता येतं हे विचारलंच नाही, इथून पुढचा आडोसा कुठला एवढंच विचारलं. नियम वाचताना नेमकं हेच विचारत जायचं.

मग त्या मोकळ्या जागेचं करायचं काय. धूर. स्क्वॉडच्या सोंगटीवर धुराचा एक छोटा आकडा छापलेला असेल तर तो मूव्हमेंट फेजमध्ये धुराचे ग्रेनेड टाकायचा प्रयत्न करू शकतो, स्वतःच्या हेक्समध्ये टाकायला १ एमएफ, शेजारच्या हेक्समध्ये टाकायला २, एक फासा टाकायचा, त्या आकड्याएवढा किंवा कमी आला तर धूर झाला. ६ आला तर त्या स्क्वॉडची हालचाल तिथेच संपली. धुरातून मारणाऱ्याला अधिक २ लागतो, आणि महत्त्वाचं म्हणजे धूर असला की तो हेक्स उघडी जमीन म्हणून धरत नाहीत, त्यामुळे उघड्यावरचा उणे १ पण जातो. राहिला सरळ निघाल्याचा उणे १. एकूण अधिक १, म्हणजे फाशांवर ४ किंवा कमी, ३६ पैकी ६. एकवीसवरून सहावर!

पण फुकट काही नाही, धुराच्या हेक्समध्ये शिरायला १ एमएफ जास्त लागतो. आता आपला खर्च झाला २ अधिक १ अधिक २, पाच, आणि स्क्वॉडकडे चारच. शिवाय धुराच्या हेक्समध्ये २ खर्च केले म्हणून तीच मशीनगन तिथे दोनदा मारू शकते, जरी प्रत्येक वेळी शक्यता कमी असली तरी. आणि ज्याने शेजारी धूर टाकला त्याचे २ एमएफ टाकण्यातच गेले, तो स्वतः पलीकडे पोचणार नाही. म्हणून धूर टाकणारा वेगळा आणि ओलांडणारा वेगळा असं करावं लागतं, टाकणाऱ्याने आधी टाकायचा, फासा फसला तर ओलांडणाऱ्याने निघायचं की नाही ते परत ठरवायचं. एका तुकडीने दुसरीला आधार द्यायचा आणि दुसरीने हलायचं हे खऱ्या पायदळातलं तत्त्व, आणि नियमपुस्तकात ते कुठे उपदेश म्हणून लिहिलेलं नाही, खर्चाच्या आकड्यांतून आपोआप उभं राहतं.

ओलांडणाऱ्याला तो पाचवा एमएफ मिळणार कुठून, तर लीडरकडून. लीडर म्हणजे एका माणसाची सोंगटी, त्याला स्वतःला ६ एमएफ. आणि जो स्क्वॉड त्याच्याबरोबर एकाच स्टॅकमध्ये (एकावर एक ठेवलेल्या सोंगट्यांच्या गठ्ठ्यात) हलतो त्याला २ एमएफ जास्त मिळतात, ४ चे ६. यातल्या अटी शब्दाशब्दाने वाचा. हालचाल सुरू करताना लीडर बरोबर हवा, शेवट करताना बरोबर हवा आणि मधलं पूर्ण अंतर दोघांनी एकत्र कापलेलं हवं. आम्हाला हमखास विचारलं जातं, "अरे, लीडर दोन हेक्स पुढे आहे, स्क्वॉड त्याच्यापर्यंत आला की तिथून पुढे बोनस घेऊ का?" नाही, सुरुवात एकत्र नव्हती. "मग दोघं निघाले आणि लीडर मधेच थांबला, स्क्वॉड पुढे?" तरी नाही, शेवट एकत्र नाही. लीडर धड अवस्थेत पण हवा, मोडलेला (गोळीबाराने धीर सुटलेला) लीडर कोणाला बोनस देत नाही. आणि यातूनच पुढचा धोका कळतो, वाटेत गोळीबारात लीडर कोसळला तर ज्या २ एमएफच्या भरवशावर स्क्वॉड निघाला होता तेच गेले, आणि तो उघड्यावर अडकू शकतो. स्टॅकने हलण्याचा दुसरा तोटा म्हणजे एकच हल्ला सगळ्या स्टॅकवर लागतो, एकदा फासे टाकले आणि सगळ्यांना भोगायला लागलं.

तर मग सुटं सुटं हलावं? एकेक स्क्वॉड पाठवला तर शत्रूला प्रत्येकावर वेगळं मारावं लागेल, बरोबर आहे, पण इथे रेसिड्युअल फायर येतो. एखाद्या हेक्समध्ये हल्ला झाला की त्याच्या निम्मी ताकद त्या हेक्समध्ये मूव्हमेंट फेज संपेपर्यंत पडून राहते. आठच्या कॉलमवर (हल्ल्याच्या तक्त्यातला ताकदीचा रकाना) मारलं असेल तर चारचा काउंटर तिथे ठेवतात, आणि नंतर जो कोणी त्या हेक्समध्ये शिरेल त्याच्यावर तो आपोआप हल्ला करतो, शत्रूला परत गोळी खर्च करायला नको. दंड तेच, उघड्यावरचा आणि सरळ निघाल्याचा. म्हणजे पहिला स्क्वॉड ज्या वाटेने गेला त्याच वाटेने दुसरा पाठवायचा हे बहुतेक वेळा वाईट, शेजारच्या हेक्समधून पाठवा. आणि पहिला कोण पाठवायचा हा निर्णय माझ्या मते अख्ख्या टर्नमधला सगळ्यात मोठा निर्णय आहे. काही जण अर्धा स्क्वॉड आधी पुढे करतात, शत्रू मारतो का बघतात, शत्रूपण शहाणा असेल तर थांबतो आणि मोठ्या स्टॅकची वाट बघतो. त्या थांबण्या-न थांबण्यात जो ताण असतो त्यासाठी मी हा गेम खेळतो खरं तर.

एक मात्र आहे, एका तुकडीची (किंवा स्टॅकची) हालचाल पूर्ण संपल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, आणि दुसरीला हात लावला की पहिलीकडे परत यायचं नाही, तिचे एमएफ उरले असले तरी. उरलेले एमएफ साठवता येत नाहीत, दुसऱ्याला देता येत नाहीत. म्हणून हलवताना मोठ्याने बोलायची सवय लावा, "रस्ता, एक. पुढे मोकळं, एक, झाले दोन. इमारत, दोन, एकूण चार." प्रत्येक आकड्यानंतर क्षणभर थांबा, समोरच्याला मारायचं असेल तर तो सांगेल. सोंगटी भरकन पलीकडे नेऊन ठेवली आणि मग समोरचा म्हणाला की मला मधे मारायचं होतं, तर त्याचं म्हणणं बरोबर असतं.

आता असॉल्ट मूव्हमेंट. सावध चालणं. हे आधी जाहीर करावं लागतं, मग स्क्वॉड जास्तीत जास्त एकच हेक्स जाऊ शकतो आणि सगळे एमएफ खर्च करायचे नाहीत, काहीतरी उरलं पाहिजे. बदल्यात सरळ निघाल्याचा उणे १ जातो. उघड्यावरचा उणे १ राहतो, तो जमिनीचा आहे. म्हणजे मोकळ्या हेक्समध्ये सावध चाललात तर ३६ पैकी १५, आधीच्या २१ पेक्षा बरं पण फार बरं नाही. दगडी इमारतीत सावध शिरलात तर पूर्ण अधिक ३, ३६ पैकी १. आडोशातून आडोशात जायला असॉल्ट मूव्हमेंट सोन्यासारखी आहे, उघड्यावर मुक्काम करायला नाही, कारण एकच हेक्स जाणार म्हणजे फेज संपल्यावरही तुम्ही तिथेच उघड्यावर बसलेले असणार.

"सगळे एमएफ खर्च करायचे नाहीत" या अर्ध्या वाक्यात किती दडलंय ते बघायला ओझ्याचा नियम लागतो. स्क्वॉडची वाहून नेण्याची क्षमता ३, त्याला आयपीसी म्हणतात, आणि प्रत्येक शस्त्राला पीपी मध्ये वजन असतं. क्षमतेच्या वर जेवढे पीपी तेवढे एमएफ कमी. हलक्या मशीनगनचा १ पीपी, काही फरक पडत नाही. जड मशीनगन ५ पीपी ची असेल तर २ वर गेले, ४ चे राहिले २. आता या स्क्वॉडला शेजारच्या इमारतीत असॉल्ट मूव्हमेंटने जायचंय. एकच हेक्स आहे, २ लागतात, २ आहेत. जाता येईल? नाही, कारण सगळे खर्च झाले. साधं शिरता येईल, पण उणे १ खात. आता त्याच स्टॅकमध्ये लीडर घाला. लीडर स्वतः १ पीपी उचलू शकतो आणि बरोबर हलताना ती क्षमता स्क्वॉडला जोडता येते, म्हणजे क्षमता ४, वर गेला फक्त १. आणि मूळ ४ चे बोनसने ६ झालेले. ६ वजा १, पाच. दोनच्या जागी पाच! आणि इमारतीला २ देऊन ३ उरतात, म्हणजे असॉल्ट मूव्हमेंट आरामात चालते. "असॉल्ट मूव्हमेंट आणि जड मशीनगन" असा वेगळा नियम पुस्तकात शोधायची गरजच पडत नाही, तीन साधे नियम एकावर एक ठेवले की उत्तर मिळतं, आणि पुस्तकातले बरेच वाद असेच सुटतात.

डबल टाइम म्हणजे धावत जाणं. सुरुवातीला जाहीर केलं तर २ एमएफ जास्त, पण ती तुकडी दमते, तिच्यावर सीएक्स चा काउंटर ठेवतात, दमलेल्यांच्या गोळीबाराला अधिक १ बसतो आणि ओझं उचलायची क्षमता १ ने कमी होते (हे लोक हमखास विसरतात, ओझं असताना धावलात तर २ मिळून १ परत जाऊ शकतो). लागोपाठ दोन टर्न धावता येत नाही. असॉल्ट मूव्हमेंटबरोबर धावणं जोडता येत नाही, सावध आणि पळत हे एकत्र कसं होईल. लीडर, डबल टाइम आणि सगळी हालचाल रस्त्यावरूनच केल्याचा १ एमएफ चा बोनस असं सगळं जुळलं तर स्क्वॉड ९ पर्यंत जातो, ४ अधिक २ अधिक २ अधिक १, म्हणजे ३६० मीटर दोन मिनिटांत. पण रस्त्यावर तुम्ही उघडे असता हे विसरू नका.

आणि अगदीच एमएफ कमी पडले तर? मिनिमम मूव्ह. धड अवस्थेतल्या पायदळाला शेजारच्या एका हेक्समध्ये जायला एमएफ पुरत नसतील तरी जाता येतं, सगळे एमएफ खर्च झाले असं धरतात, तुकडी दमते आणि वर पिन पण होते, म्हणजे जागीच खिळते. हा नियम नसता तर ओझ्याखालची तुकडी डोंगराच्या पायथ्याशी कायमची अडकली असती.

बायपास हा मात्र नवीन लोकांना खरंच जड जातो, स्टार्टर किटमध्ये तो नाहीये तेच बरंय. हेक्समध्ये इमारत किंवा झाडी असते पण तिचं चित्र हेक्सच्या सगळ्या कडांना टेकलेलं नसतं, मधे मोकळी जागा उरते. अशा वेळी आत न शिरता हेक्सच्या कडेने जाता येतं, इमारतीचे २ न देता मोकळ्या जमिनीचा दर देऊन. सोंगटी हेक्सच्या मधे न ठेवता कोपऱ्यावर ठेवायची आणि शत्रू त्या कोपऱ्यावर नजर टाकू शकतो का ते दोरा धरून बघायचं. तुम्ही इमारतीच्या हेक्समध्ये आहात पण इमारतीत नाही, म्हणून इमारतीचा आडोसा तुम्हाला नाही, आणि त्या कोपऱ्यावर नजर मोकळी पोचत असेल तर उघड्यावरचे सगळे दंड लागू. हालचाल बायपासमध्ये संपवता येत नाही, पुढच्या जागी पोचायला एमएफ शिल्लक आहेत का ते आधी मोजूनच कडेला लागायचं. चित्र बारकाईने बघावं लागतं, चित्र कडेला टेकलंय की नाही यावर वाद होतात, आम्ही बोर्डावर पातळ अ‍ॅक्रेलिकचा पत्रा ठेवतो आणि शंका आली की खेळ सुरू व्हायच्या आधीच दोघांनी मिळून ठरवतो. तक्ते पण अप्पा बळवंत चौकातून मोठ्या अक्षरात झेरॉक्स आणि लॅमिनेट करून आणलेत, खर्चाचा तक्ता समोर असला की नवीन माणसाला फार धीर येतो.

वाद झाला की नियम वाचायचा कसा यावर दोन शब्द. पुस्तक जे करायला देतं त्याकडे बघा, जे नाही म्हटलेलं नाही त्याकडे नको. "असं करू नये असं कुठे लिहिलंय" हा प्रश्नच इथे चुकीचा आहे, "असं करता येतं असं कुठे लिहिलंय" हा बरोबर. पायदळ मूव्हमेंट फेजमध्ये शत्रू असलेल्या हेक्समध्ये शिरू शकतं का? ठराविक अपवाद सोडले तर तशी परवानगी नाही, संपलं. मग "सुरू करताना", "संपताना", "जाहीर करून", "सगळे", "जास्तीत जास्त" असे शब्द दिसले की थांबा आणि परत वाचा, हे शब्द उगाच टाकलेले नसतात. आणि साधा नियम आणि अपवाद भांडले तर अपवाद जिंकतो.

शेवटी अ‍ॅडव्हान्स फेज, कारण ती हालचाल असूनही हालचालीच्या हिशोबात बसत नाही आणि म्हणून गोंधळ होतो. प्रत्येक खेळाडूच्या पाळीत आठ फेज, रॅली, प्रेप फायर, मूव्हमेंट, डिफेन्सिव्ह फायर, अ‍ॅडव्हान्सिंग फायर, राउट, अ‍ॅडव्हान्स, क्लोज कॉम्बॅट. प्रेप फायरमध्ये गोळी मारली तर मूव्हमेंटमध्ये हलता येत नाही, आणि न मारता हललात तर अ‍ॅडव्हान्सिंग फायरमध्ये निम्म्याच ताकदीने मारता येतं. पण अ‍ॅडव्हान्स फेजमध्ये धड अवस्थेतलं आणि पिन न झालेलं जवळजवळ सगळं पायदळ एक हेक्स पुढे जाऊ शकतं, मग प्रेप फायर केलेलं असो नाहीतर मूव्ह केलेलं, आणि एमएफ द्यायचे नाहीत, शत्रूचा फर्स्ट फायर नाही, दंड नाहीत. शत्रू असलेल्या हेक्समध्ये पण इथे शिरता येतं, मग हातघाई. म्हणून अनुभवी खेळाडू मूव्हमेंटमध्ये लक्ष्याशेजारच्या आडोशाला थांबतात आणि शेवटचा एक हेक्स अ‍ॅडव्हान्समध्ये पार करतात. आपल्या उदाहरणात पण तेच बघा, ती दगडी इमारत शेजारच्याच हेक्समध्ये असती तर स्क्वॉडने दिवसाढवळ्या धावायचंच कशाला. एकच आकडा इथे परत वर येतो, ज्या हेक्समध्ये शिरायला त्या तुकडीचे सगळे एमएफ लागले असते तिथे अ‍ॅडव्हान्स केला तर ती दमते, आणि आधीच दमलेली असेल तर तिथे अ‍ॅडव्हान्स करताच येत नाही. आपला जड मशीनगनवाला स्क्वॉड, २ एमएफ वाला, एकटा शेजारच्या इमारतीत अ‍ॅडव्हान्स झाला तर सीएक्स. लीडर बरोबर घेऊन गेला तर नाही.